कर्ण्यांचा हिशेब

आमच्या गल्लीतला लाउडस्पीकरवाला गणपतीत सगळे कर्णे स्टेजलाच बांधतो आणि शेवटच्या रांगेसाठी आवाज चढवतो. मी कॉमर्सवाला, पण उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो, एवढा हिशेब मलाही कळतो. म्हणजे शेवटच्या रांगेचं कर्ज पहिल्या रांगेच्या कानांतून वसूल! समोरच्या आजींची छाती धडधडते, ते व्याज वेगळंच.

अहो, लहान कर्णे थोड्याथोड्या अंतरावर, उंच, तोंड श्रोत्यांकडे करून लावा. मागच्यांतून आवाज किंचित उशिरा सोडा. तो सेकंदाला सुमारे 340 मीटरच चालतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, हा 2000 सालचा नियम. "भक्ती मोजायची नसते!" म्हणतात. कबूल. पण बाप्पाचे कान सुपाएवढे, ओरडता कशाला?