जझरीला टाळ्या, पोराला टोमणे

सभा-संमेलनांत आम्ही अल-जझरीचे नाव मोठ्या अभिमानाने घेतो. दियारबकरच्या दरबारात पंचवीस वर्षे चाकरी केलेल्या या कारागिराने १२०६ साली आपला यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. हात धुवायला पाणी देणारा यांत्रिक सेवक, होडीत बसून वाजवणारे यांत्रिक वादक, वेळ सांगणारा हत्ती! त्या घड्याळात हत्ती हिंदुस्थानचा, अजगर चीनचे आणि पाण्याची युक्ती ग्रीकांची. टाळ्या पडतात, चहा होतो, आम्ही घरी जातो.

आणि पेण-रोह्यातल्या आमच्या पोराने यंत्रांतून कला करायची म्हटले, तर? "आयटीआय कर, धाटावला कारखान्यात चिकट, नाहीतर आखातात जा. ही नसती थेरं सोड."

पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्ती देशोदेशी जातात. गावाचे नाव झाले, घडवणारे बहुतेक हात मात्र बिननावाचेच राहिले. उत्सवातल्या हलत्या देखाव्यांचेही तेच. रंग देणारा कलावंत. मोटर आणि तरफा जुळवून पुतळ्याचा हात उचलणारा मात्र नुसता 'वायरमन'! ही उतरंड कोणी लावली?

आमच्यातले काही म्हणतील, सजीवांच्या आकृती घडवणे शरियतला मंजूर नाही. तो वाद आलिमांनी करावा. पण त्याच्या आडून सारी कलाच का नाकारायची? हॉलंडचे थिओ यान्सेन भौतिकशास्त्राचे शिक्षण अर्धवट सोडून चित्रकार झाले आणि १९९० पासून वाऱ्यावर चालणारे सांगाडे समुद्रकिनारी उभे करत आले. चेहरा नाही, मोटर नाही. सामान काय, तर वायरिंगची प्लॅस्टिक नळी! ती नळी आमची पोरे रोज भिंतीत बसवतात. वारा आणि किनारा कोकणात फुकट आहे. नाही तो फक्त आमचा पाठिंबा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जमातीच्या शिष्यवृत्तीत डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या शेजारी कलाशिक्षणालाही जागा द्या, मुलींसह. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासून उभे आहे, तिथे जायची वाट दाखवा. देखाव्याच्या फलकावर यंत्र जुळवणाऱ्याचे नाव लिहायला लावा.

सुलतानाने लिहायला सांगितले म्हणून जझरीचा ग्रंथ झाला आणि त्याचे नाव आपल्यापर्यंत पोचले. आज सुलतान नाही. ते काम जमातीचे आहे. ते करायचे नसेल, तर निदान जझरीच्या नावाने टाळ्या वाजवणे तरी थांबवू या.