पातूरच्या भाड्याच्या गाड्यांना स्टँड, दरफलक आणि पावती द्या

पातूरला रेल्वे नाही. अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, पण तो बार्शीटाकळीवरून वाशीमला निघून जातो. आपल्या वाट्याला अकोला–नांदेड महामार्ग, एसटी आणि भाड्याची गाडी एवढंच आहे. एसटीबद्दल आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो. भाड्याच्या गाडीबद्दल मात्र कुठल्या सभेत चकार शब्द निघत नाही. तो निघावा म्हणून हे मुद्दे नगर परिषदेसमोर, परिवहन कार्यालयासमोर आणि आपणा सर्वांसमोर ठेवतो.

१. गाडी करणं ही आता चैन राहिलेली नाही. अकोला इथून तीस-पस्तीस किलोमीटर. रात्री अकरानंतर सर्वोपचार रुग्णालयात न्यायचं असो, पहाटेची रेल्वे पकडायची असो, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर पोचवायचं असो, माणूस गाडीच सांगतो. आलेगाव, चतारी, मळसूर या बाजूच्या गावांतून तर अकोला आणखी लांब पडतं. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा अख्खा तालुका याच गाड्यांवर फिरला. गावाचा इतका भार वाहणाऱ्या सोयीची गावाच्या दप्तरी नोंदच नसावी, हे मला पटत नाही.

२. गाडीत बसण्याआधी नंबरप्लेट बघा. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं असली तर गाडी प्रवासी वाहतुकीची. पांढरीवर काळी असली तर घरची. हिरवी प्लेट विजेवरच्या गाडीची. तिच्यावर अक्षरं पिवळी असतील तर भाड्याची, पांढरी असतील तर घरची. आपल्याकडे लग्नाला, शेगावच्या दर्शनाला, दवाखान्याला ज्या बोलेरो, अर्टिगा सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच पांढऱ्या प्लेटच्या असतात. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातून काय ओढवतं, ते माहीत नाही.

घरच्या गाडीची विमा पॉलिसी काढून वाचा. वापराच्या मर्यादा सांगणारा एक परिच्छेद बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो, आणि भाडं किंवा मोबदला घेऊन केलेला प्रवास त्यात वगळलेला असतो. म्हणूनच गाडी सुटताना ड्रायव्हर हळूच सांगतो, “कोनी इचारलं तं पाव्हने आहो म्हना.” आपणही मान डोलावतो. घाटात मेडशीकडे जाताना गाडी पलटी झाली, तर त्या एका वाक्याची किंमत कळते. पाहुणे म्हणून जबाब दिला तर तो खोटा, पुढे दाव्यात उलटतपासणीला उघडा पडणारा. भाडं दिलं म्हणून सांगितलं तर विमा कंपनी अंग काढून घ्यायला मोकळी. अशा वेळी जखमी माणसाच्या घरचे दवाखान्याचं बिल भरायचं सोडून कागद शोधत बसतात.

मालकाचंही यात भलं नाही. विनापरवाना वाहतुकीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. आणि दंड ही त्यातली लहान गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृतपाल सिंग विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात ठरवलं, की परवान्याशिवाय वाहन रस्त्यावर आणणं हा विम्याच्या मुळावरच घाव आहे. विमा कंपनीने नुकसानभरपाई आधी भरावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, हा आदेश तिथे कायम राहिला. तो खटला ट्रकचा होता, पण तत्त्व भाड्याच्या कुठल्याही गाडीला लागतं. कर्जावर गाडी घेतलेल्या पोराकडून वसुली म्हणजे त्याच्या बापाचं वावर विकायला काढणं.

३. तरीही पांढऱ्या प्लेटचा मालक गुन्हेगार नाही, असं मी ठामपणे म्हणतो. सोयाबीनला भाव नाही, नोकरी नाही, म्हणून त्याने जुनी गाडी घेतली. पिवळी प्लेट घ्यायची तर परवाना, जास्तीचा विमा हप्ता आणि फिटनेस प्रमाणपत्र आलं. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या गाडीला जागा दाखवणारं यंत्र आणि धोक्याचं बटणही बसवावं लागतं. यातल्या बहुतेक कामांना अकोल्याच्या परिवहन कार्यालयात खेटे घालावे लागतात आणि दर खेपेला दिवसाचं भाडं बुडतं. महिन्यात आठ-दहा भाडी मारणाऱ्याला हा हिशेब परवडत नाही.

एक अडथळा मात्र दूर झाला आहे आणि तो गावात कोणी सांगत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की ७,५०० किलोपर्यंतचं हलकं वाहन भाड्याने चालवायला वेगळ्या लायसनची गरज नाही. हलक्या वाहनाचं साधं लायसन पुरतं. ‘वेगळं लायसन नाही म्हणून पिवळी प्लेट घेत नाही’ हे कारण आता उरलं नाही.

४. भावाचं काय? गाडी ठरवताना आपण विचारतो, “किती होतीन?” उत्तर येतं, “डिझेल तुमचं, वरून समजून द्या.” हे ‘समजून’ दोघांनाही नडतं. परतल्यावर अंगणात उभं राहून घासाघीस होते, टोल कोणाचा, थांबायचे पैसे किती, ड्रायव्हरच्या जेवणाचं काय. ज्याच्या घरी रुग्ण आहे तो भांडू शकत नाही, मागितले तितके देतो. आणि ओळखीचा माणूस असला तर ड्रायव्हर बिचारा गप्प राहतो, घाट्यात जातो.

म्हणून दरफलक हवा. त्यावर किलोमीटरचा दर, एका दिवसाचं किमान रनिंग, रात्रीच्या मुक्कामाचा आकार, रिकाम्या परतीचा हिशेब आणि टोल-पार्किंग कोणाकडे, एवढं मराठीत ठळक लिहिलेलं असावं. अकोला, शेगाव, वाशीम, नागपूर अशा नेहमीच्या ठिकाणांचे ठोक दर खाली द्यावेत. सरकारला हे जमत नाही असं नाही. भाडं ठरवण्याचा अधिकार कलम ६७ देतं, आणि २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने खासगी ट्रॅव्हल्सचं भाडं एसटीच्या दीडपटीवर बांधलंच आहे. दिवाळीत तो नियम किती पाळला जातो हा वेगळा विषय आहे, पण निदान तक्रार करायला हातात आकडा असतो. पातूरच्या माणसाकडे तोही नाही.

५. आपल्याकडची पोरं शिकायला, नोकरीला इंग्लंडात गेली आहेत, आईवडील त्यांना भेटायला जाऊ लागले आहेत. तिथली भाड्याच्या गाडीची पद्धत बघण्यासारखी आहे, आणि ती श्रीमंतीमुळे आली असं मी मानत नाही. लंडनबाहेरच्या शहरांत टॅक्सीचं नियमन १९७६ च्या एका कायद्याने चालतं आणि ते काम शहराची कौन्सिल करते, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिका. ड्रायव्हरचा परवाना कौन्सिलचा, गाडीचा कौन्सिलचा आणि फोनवर गाडी पुरवणाऱ्या व्यावसायिकाचाही कौन्सिलचा. स्टँडवरच्या टॅक्सीचे दर कौन्सिल ठरवू शकते. ते ठरले की दरपत्रक गाडीत लावलेलं असतं. गाडी पुरवणाऱ्याला प्रत्येक बुकिंगची नोंद ठेवावी लागते. गाडीला कौन्सिलने दिलेली क्रमांकाची पाटी असते आणि गाऱ्हाणं असलं तर तोच क्रमांक घेऊन कौन्सिलकडे जायचं.

स्वतः चालवायची गाडी घेतली तरी तसंच. भारतीय लायसनवर तिथे उतरल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. काउंटरवर अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर रक्कम अडकवतात. अपघात झाला तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल, तो आकडा करारात असतो. गाडीवरचे आधीचे ओरखडे कागदावर मांडून मगच किल्ली घ्यायची, टाकी भरलेली घेतली तर भरून परत करायची. जुन्या शहरांत पुढे आणखी एक गोष्ट बघायला मिळते. ऑक्सफर्डने १९७३ पासूनच शहराच्या कडेला वाहनतळ करून गाड्या तिथे थांबवल्या आणि तिथून बस सोडली. नवरात्रात रेणुकामातेच्या टेकडीखाली जी कोंडी होते, तिच्याकडे आपल्या नगर परिषदेने याच नजरेने बघावं.

तिथला कायदा जसाच्या तसा इथे येणार नाही. आपल्याकडे परवाना राज्याच्या हातात आहे. पण वाहनांच्या थांब्याची जागा ठरवताना स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यायचा, हे कलम ११७ मध्येच आहे. तेवढ्या तरतुदीवर बरंच काम होऊ शकतं.

६. स्वतः चालवायला गाडी भाड्याने देण्याची कायदेशीर वाट आपल्याकडेही आहे, १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्या त्याच योजनेतल्या. पण त्या परवान्याला किमान ५० गाड्यांची अट घातलेली आहे. पातूरमध्ये ५० गाड्या कोण उभ्या करणार? मोठ्या शहरातल्या कंपनीपुरता लिहिलेला हा नियम तालुक्याच्या गावाला दार बंद करतो, आणि मग इथे चोरून, ओळखीवर, नुसती किल्ली हातात देऊन गाड्या जातात. लहान गावासाठी ही अट चार-पाच गाड्यांवर आणावी, अशी मागणी खासदारांमार्फत केंद्राकडे गेली पाहिजे.

७. रुग्णाला नेणाऱ्या शेजाऱ्याने घाबरू नये. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने न्यायला विनापरवाना गाडी वापरली, तर कलम १९२-अ चा दंड लागत नाही. ही सूट त्याच कलमात आहे. फक्त सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवायचं. आधी १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिका दुसऱ्या खेपेला गेलेली असेल तर घरच्या गाडीची वाट अडवू नका.

८. आता कोणी काय करायचं ते सांगतो. नगर परिषदेने बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर दहा-बारा गाड्यांपुरती जागा, सावली, पाण्याची टाकी आणि रात्री जळणारा दिवा द्यावा. त्या जागेवर फक्त परवान्याच्या गाड्या उभ्या राहतील आणि त्यांची यादी, चालकांच्या फोन नंबरांसह, फलकावर राहील. परिवहन कार्यालयाने पातूरला शिबिर लावून पांढरी प्लेट पिवळी करून घेण्याची कागदपत्रं इथेच तपासावीत आणि ते शिबिर वर्षातून एकदाच होऊ नये. पहिले सहा महिने दंडापेक्षा नोंदणीवर जोर द्यावा, नाहीतर माणसं बिचकतील आणि पुन्हा पाव्हण्यांच्याच गाड्या धावतील. दर ठरवताना मालक, चालक आणि प्रवासी तिघांनाही बोलवावं. प्रवाशांच्या वतीने बायका असाव्यात, कारण बाळंतपणाला, दवाखान्याला गाडी सांगायची वेळ बहुधा त्यांच्यावर येते.

आणि पावती. तिच्यावर गाडीचा नंबर, चालकाचं नाव, निघतानाचं आणि परततानाचं मीटरचं किलोमीटर, ठरलेली रक्कम, तारीख आणि सही, इतकंच हवं. पावतीपुस्तक छापायला फार खर्च नाही. नगर परिषदेने पहिली पुस्तकं स्वतः छापून स्टँडवरच्या गाडीवाल्यांना द्यावीत.