हंसाचे पंख कोणी छाटले?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सुपीरियर या समुद्रासारख्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी डुलूथ हे शहर वसले आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे मिनियापोलिसला मुक्काम असताना अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून तेथील विमानतळालगतचा सिरस कंपनीचा कारखाना पाहण्याचा योग आला. विमानाचा कारखाना म्हटला की पत्र्यांचा खणखणाट आणि हजारो रिव्हेट ठोकणारी यंत्रे डोळ्यांसमोर येतात. येथे त्यांतले काहीच नव्हते. दवाखान्यात असावी तशी स्वच्छता, आणि लांबलचक दालनात एकामागून एक उभी असलेली शुभ्र, गुळगुळीत, छोटी विमाने.

ही विमाने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नसतात. काचतंतूंचे वा कार्बनतंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर बसवायचे, त्यावर पिशवी चढवून आतील हवा शोषून घ्यायची आणि मग भट्टीत भाजून ते कठीण करायचे, ही या ‘कॉम्पोझिट’ बांधणीची थोडक्यात रीत. सिरसचे असे भाग शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथे घडतात आणि डुलूथला त्यांची जुळणी होते. विमानाच्या धडाचे डावे व उजवे असे दोन अर्ध एकमेकांस चिकटवितात. पंखाचा कणा तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतो. धातूपेक्षा वजन कमी, गंज नाही, आणि वाऱ्याला अडथळा करणारे सांधे नाहीत. उन्हाने तापून रेझिनचे बळ कमी होऊ नये म्हणून रंग पांढरा. सामान ठेवण्याच्या कप्प्यामागे एक अग्निबाण व हवाई छत्री बसविलेली असते. इंजिन बंद पडले, वैमानिक बेशुद्ध झाला, तरी छतावरील दांडा ओढताच सारे विमान त्या छत्रीला लटकून खाली उतरते. आजवर दोनशेहून अधिक माणसांचे प्राण या एका योजनेने वाचले आहेत.

कौतुकाने ऊर भरून यावा असेच हे दृश्य होते. फेरी संपता संपता सहज विचारले, कंपनी कोणाची? उत्तर मिळाले, चीनची.

गोठ्यातून सुरू झालेला प्रवास

ॲलन व डेल क्लॅपमायर या दोन तरुण भावांनी विस्कॉन्सिनमधील आपल्या घरच्या शेतावर, गोठ्याच्या इमारतीत, १९८४ साली हा उद्योग सुरू केला. पाठीशी भांडवलदार नव्हता, सरकारी कारखाना नव्हता. घरी बसून विमान जोडणाऱ्या हौशी लोकांसाठी सुट्या भागांचा संच विकणे, एवढाच आरंभीचा व्यवसाय. १९८५ मध्ये ॲलनच्या विमानाची हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. तो कसाबसा उतरला, दुसरा वैमानिक मृत्यू पावला. हवाई छत्रीच्या कल्पनेचे मूळ त्या अपघातात आहे. १९९५ च्या मार्चमध्ये त्यांच्या एसआर-२० या विमानाने पहिले उड्डाण केले आणि १९९८ साली त्यास प्रमाणपत्र मिळाले. पुढे २००८ च्या मंदीत कंपनी अडचणीत आली. २०११ साली चीनच्या सरकारी विमान उद्योग समूहाच्या उपकंपनीने ती विकत घेतली. अमेरिकेत विरोधाचे सूर उमटले आणि विरून गेले. २०२४ च्या जुलैत हाँगकाँगच्या शेअर बाजारात तिचे भाग विक्रीस आले. त्या एका वर्षात कंपनीने सातशेहून अधिक विमाने ग्राहकांच्या हाती दिली.

हे एकटे उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. परंतु कॉम्पोझिट बांधणीच्या छोट्या विमानांत सिरसच्या तोडीचे दुसरे नाव म्हणजे ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाटची डायमंड कंपनी. वानफेंग या चिनी उद्योगसमूहाने २०१७ साली तीही खरेदी केली. महाराष्ट्राने येथे कान टवकारावेत, कारण आपल्या गोंदियाच्या बिरसी विमानतळावर वैमानिक होण्यासाठी जी मुले-मुली शिकतात, त्यांची प्रशिक्षण विमाने याच डायमंडची आहेत. फुरसतगंजच्या राष्ट्रीय उडान अकादमीच्या ताफ्यातही तीच विमाने आहेत. चिनी दिवे नि पिचकाऱ्यांवर बहिष्कार घालण्याची पत्रके आपण दर दिवाळी-होळीला वाटतो. ज्या विमानात आपल्या मुलांचा पहिला श्वास आकाशात घेतला जातो, त्याचा मालक कोण, हे मात्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आधी उडाला तो हंस

आता जे सांगायचे आहे, ते अधिक बोचणारे आहे. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी बंगळुरूमध्ये एका दोन आसनी विमानाने पहिले उड्डाण केले. काचतंतूंच्या कॉम्पोझिटचे, पांढरे, सुबक, आणि नखशिखांत भारतीय अभियंत्यांनी आखलेले. त्याचे नाव ‘हंसा’, आणि ते घडविणारी संस्था नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज. तारखा पुन्हा वाचाव्यात. सिरसचे एसआर-२० उडाले १९९५ साली. आपला हंस त्याच्या सोळा महिने आधी आकाशात होता. २००० साली त्यास रीतसर प्रमाणपत्रही मिळाले. आयआयटी कानपूरच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावर उड्डाणशास्त्राचे धडे गिरविले, काही फ्लाइंग क्लबांना ती विमाने देण्यात आली. आणि मग? चौदाच्या आसपास विमाने बनली आणि कथा थांबली. डुलूथच्या त्या दालनातून आठवड्याभरात याहून कमी विमाने बाहेर पडत नाहीत.

बुद्धी कमी पडली, असे कोणी म्हणू धजणार नाही. ज्या प्रयोगशाळेने हंसा घडविला, तिनेच ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या कॉम्पोझिट भागांत मोलाचा वाटा उचलला. तेजसच्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन याच द्रव्यांचे आहे. १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत यावे लागले, आणि तरीही ४ जानेवारी २००१ रोजी ते विमान उडाले. डॉ. अब्दुल कलामांनी क्षेपणास्त्रांसाठी विकसित झालेल्या याच प्रकारच्या द्रव्यांतून पोलिओग्रस्त बालकांच्या पायांचे तीन किलोंहून जड कॅलिपर तीनशे ग्रॅमवर आणले, ही गोष्ट तर घराघरांत सांगितली जाते. ज्या देशाला हे साधते, त्याला शिकाऊ वैमानिकांसाठी दोन आसनी विमान शेकड्यांनी बनविता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

उणीव होती ती इच्छाशक्तीची आणि व्यवस्थेची. प्रयोगशाळेचे काम नमुना सिद्ध करण्याचे. त्यापुढे कारखाना लागतो, विक्री लागते, सुटे भाग आणि दुरुस्ती लागते, आणि या सर्वांच्या मुळाशी ग्राहकाची खात्रीची मागणी लागते. ही मागणी सरकार निर्माण करू शकत होते. प्रशिक्षण संस्था सरकारच्या, परवाने सरकारचे, अनुदाने सरकारची. ‘पुढील दहा वर्षे आमच्या संस्था हंसावरच शिकवतील’ असा एक निर्णय पुरेसा होता. तो दिल्लीतील कोणत्याही मंत्रालयाने घेतला नाही. विमान विज्ञान खात्याचे, उडणार नागरी वाहतूक खात्यात, आणि कारखाने संरक्षण खात्याच्या ताब्यात. तीन घरचा पाहुणा उपाशी राहावा, तसा हंस राहिला. आणि हा दोष एकट्या काँग्रेसच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. प्रमाणपत्र मिळाले तेव्हा दिल्लीत अटलजींचे शासन होते. आपल्या माणसांच्या राज्यातही फाइल त्याच गतीने चालली, हे मान्य करण्याइतका प्रामाणिकपणा स्वदेशीच्या कार्यकर्त्यापाशी असला पाहिजे.

फरक वृत्तीचा आहे, हे पाहायचे असेल तर कांदिवलीला जावे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने तेथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात साऱ्या देशाने ते पाहिले. नोंदणी मात्र २०१७ च्या नोव्हेंबरात झाली, आणि तीही वरिष्ठ नेत्यांनी लक्ष घातल्यावर. क्लॅपमायर बंधूंना त्यांच्या गोठ्यातून आकाशात जाण्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या दारात उभे राहावे लागले नव्हते. हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या विमानाला तेथील नियमांत मानाची जागा आहे. आपल्याकडे परमिट-कोटा राज संपल्याची द्वाही १९९१ साली फिरविली गेली. ती गच्चीपर्यंत पोहोचली नाही.

दोन पुष्पके

आणि आता थोडे आपल्याच घरात डोकावू या. विमानाचा विषय निघाला की आपल्या बैठकांत हटकून पुष्पकाचा उल्लेख होतो. रामायणातील पुष्पक ही आपल्या पूर्वजांच्या प्रतिभेची उत्तुंग झेप आहे आणि तिचा अभिमान आहेच. परंतु काही उत्साही मंडळी तेथे थांबत नाहीत. विसाव्या शतकात लिहिल्या गेलेल्या एका तथाकथित विमानशास्त्रावरील ग्रंथाला ती वेदकालीन ठरवितात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच तो ग्रंथ तपासून त्यातील आकृत्यांप्रमाणे विमान उडणे शक्य नाही, असा निर्वाळा दिला आहे. तरीही २०१५ साली मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये ते गाणे आळविले गेले आणि हिंदुत्वाच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आयुष्यभर विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरला. राष्ट्र आज कशाच्या बळावर उभे आहे, हा प्रश्न पोथीला नव्हे तर प्रयोगशाळेला विचारा, ही त्यांची शिकवण आपण जयंतीच्या भाषणांपुरती ठेवली काय?

खेद याचा, की दुसऱ्या, खरोखर उडालेल्या पुष्पकाचा या मंडळींना पत्ताही नसतो. हिंदुस्थान एअरक्राफ्टने १९५८ साली ‘पुष्पक’ याच नावाचे छोटे दोन आसनी विमान बनविले. दीडशेहून अधिक पुष्पके तयार झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून कित्येक वर्षे भारतीय तरुण त्यांच्यावर उडायला शिकले. त्याआधी १९५१ साली आकाशात झेपावलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली आखले गेले. जर्मनीत गॉटिंगेनला प्राण्ट्लसारख्या गुरूच्या हाताखाली शिकून ते मायदेशी परतले होते. आणि हा कारखाना मुळात काढला कोणी? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, १९४० साली, परक्यांच्या राज्यात. घाटगे आणि वालचंद यांची चरित्रे आपल्या किती शाखांवर सांगितली जातात? जो इतिहास नोंदींनिशी सिद्ध आहे तो विसरायचा आणि जो सिद्ध करता येत नाही त्यासाठी वाद घालायचा, यात कसली अस्मिता?

संधी पुन्हा आली आहे

सुदैवाने दार पूर्ण बंद झालेले नाही. हंसाच्या नव्या पिढीच्या विमानाने ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिले उड्डाण केले. काचेच्या पडद्यावर सर्व माहिती दाखविणारी आधुनिक यंत्रणा त्यात आहे. २०२५ मध्ये त्याच्या उत्पादनासाठी एका भारतीय खासगी कंपनीशी करारही झाला. इंजिन अजून ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचे आहे, ही उणीव झाकून ठेवू नये. ती पुढच्या टप्प्याचे आव्हान आहे. एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदविली. ही विमाने चालविण्यास हजारो वैमानिक लागतील. त्यांतील प्रत्येक जण प्रथम एखाद्या छोट्या विमानात बसणार आहे. ते विमान कोणाचे असेल, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. सरकारी अनुदान वा सरकारी जागा घेणाऱ्या प्रत्येक उड्डाण संस्थेने नवी शिकाऊ विमाने घेताना हंसाला अग्रक्रम द्यावा. दहा वर्षांची खात्रीची मागणी लेखी नोंदवावी. स्वतः विमान बांधू पाहणाऱ्या तरुणांसाठी सुटसुटीत नियम करावेत. राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून कॉम्पोझिट बांधणीच्या कार्यशाळा उघडाव्यात. आपले खासदार आणि आमदार आज सत्तेच्या बाकांवर बसतात. हे पत्र घेऊन त्यांच्या दारी जाण्यास कार्यकर्त्यांना संकोच वाटण्याचे कारण नाही. हार-तुरे घेऊन तर आपण जातोच.

डुलूथच्या दालनातून बाहेर पडताना वार्‍यावर हलणाऱ्या एका शुभ्र पंखावरून हात फिरविला. गुळगुळीत, थंड, जवळजवळ वजनहीन. तंतू आणि रेझिन, बाकी काही नाही. सुटे तंतू बोटांनी तुटतात. थरावर थर दाबून बसविले, पुरेसा ताव दिला, की तेच माणसांना आकाशात पेलून धरतात. संघटनेचे मर्म जाणणाऱ्यांना याहून वेगळे काही सांगायला नको. बंगळुरूचा हंस धावपट्टीवर उभा आहे. या वेळी त्याला उडू द्यायचे की पुन्हा चौदांवर मोजणी थांबवायची, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.