सुशिक्षितांचे स्वच्छ हात

मोटार दारांत उभी असावी, मुलांच्या शाळेची वेळ टळत असावी, आणि किल्ली फिरवितांच यंत्रानें ‘टक्’ एवढा एकच शब्द उच्चारून मौन धरावें, हा प्रसंग ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं केव्हां ना केव्हां येतोच. अशा वेळीं घरांतील पदवीधर कर्ता पुरुष काय करतो? तो गाडीचें बॉनेट उघडतो, आंत क्षणभर मोठ्या गांभीर्यानें पाहतो, बॉनेट लावतो आणि गॅरेजवाल्यास बोलावतो. त्या पाहण्यानें त्याच्या ज्ञानांत तिळभरहि भर पडत नाहीं. ह्या वर्गावर टीका करण्यापूर्वीं हें कबूल करणें प्राप्त आहे कीं, गेल्या वर्षापर्यंत मीहि त्यांतलाच एक होतों.

मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक. जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ मध्यें मांडलेल्या अन्वय व व्यतिरेक ह्या पद्धति मीं शेंकडों विद्यार्थ्यांकडून घोकून घेतल्या. परंतु माझी स्वतःची गाडी अडली तेव्हां गॅरेजवाल्यानें ‘बॅटरी गेली’ म्हणतांच मीं एकहि प्रश्न न विचारतां नवी बॅटरी घेतली. दोन महिन्यांनीं तोच ‘टक्’ पुन्हां ऐकूं आला. या खेपेस दुसऱ्या गॅरेजवाल्यानें सेल्फ बदलण्याचा निर्णय दिला. ही कथा मी महाविद्यालयांत सांगत असतां पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतील परिचर नम्रपणें म्हणाले, ‘सर, बदलण्याआधीं एकदां मोजून तरी पाहा.’ कारणाचा शोध कसा घ्यावा हें जन्मभर शिकविणाऱ्या माणसास हें वाक्य दुसऱ्याकडून ऐकावें लागलें!

कांहीं शें रुपयांचें मल्टीमीटर घेऊन मीं घरींच मापें घेतलीं. सहा घटांची ही बॅटरी पूर्ण भरलेली असली म्हणजे गाडी उभी असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. माझी तितकेच दाखवीत होती. मुलीनें किल्ली फिरविली तेव्हांहि आंकडा ११.८ च्या खालीं उतरला नाहीं. थकलेली बॅटरी सेल्फच्या ओढीनें एकदम कोसळते. ही कोसळली नाहीं, अर्थात् सेल्फपर्यंत पुरेसा प्रवाह पोंचतच नव्हता. मग तो अडला कोठें? मल्टीमीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून पुन्हां किल्ली फिरविली. ह्या दोन स्थळांमध्यें अर्ध्या व्होल्टाहूनहि कमी अंतर असावयास हवें. तेथें सहा व्होल्ट निघाले! इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याकडे जाणारी अर्थची पट्टी बोल्टाखालीं गंजली होती, आणि बॅटरीचें निम्में बळ त्या गंजांत खर्ची पडत होतें. पान्याचें टोक चुकून गाडीच्या अंगास लागलें तरी ठिणगी उडूं नये म्हणून बॅटरीची ऋण तार प्रथम सोडली, पट्टी काढून पॉलिश पेपरनें घांसली, बोल्ट आवळला व ऋण तार सर्वांच्या शेवटीं जोडली. गाडी पहिल्याच किल्लीस लागली. मोडींत दिलेली जुनी बॅटरी बहुधा निर्दोष होती.

ह्या साऱ्या खटाटोपांत ओहमनें १८२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नियमापलीकडे फारसें कांहीं नव्हतें, आणि तो नियम आपलीं मुलें माध्यमिक शाळेंतच शिकतात. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हे. जें शिकलों तें गुणपत्रिकेपुरतें, आणि ज्याला वंगण लागतें तें काम दुसऱ्याचें, ही समजूत आमच्या हाडींमाशीं खिळलेली आहे. लेखणी धरणारा हात श्रेष्ठ व पाना धरणारा कनिष्ठ हा भेद आम्हीं जातिव्यवस्थेकडून घेतला आणि पदवीच्या कागदांत गुंडाळून जपून ठेवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं शिक्षकाची नोकरी सोडून सायकलींचें दुकान चालविलें आणि पुढें १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचा गौरव करणाऱ्या सभेंत आम्ही पहिल्या रांगेंत बसतों. स्वतःच्या गाडीचा फ्यूज मात्र कोणत्या डबींत आहे हें आम्हांस ठाऊक नसतें.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, आजची गाडी संगणकावर चालते, ती तज्ज्ञांकडेच सोंपवावी. यांत सत्याचा अंश आहे. अपघातांत फुगणाऱ्या पिशव्यांच्या तारा किंवा विजेवर चालणाऱ्या गाडींतील नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारा यांना अशिक्षित हातानें शिवूं नये. जळलेल्या फ्यूजच्या जागीं अधिक अँपिअरचा फ्यूज बसविणें म्हणजे तर आगीस आमंत्रण होय. परंतु बॅटरीचीं टोकें, फ्यूज, दिवे आणि अर्थ हीं बारा व्होल्टांच्या घरगुती टप्प्यांतलीं आहेत. आपली मर्यादा कोठें संपते हें ओळखण्यासही प्रथम थोडें ज्ञान लागतें.

दुसरा आक्षेप भूतदयेचा आहे: आपण दुरुस्ती करूं लागलों तर कारागिरानें खावें काय? मीं वर दोन गॅरेजवाले सांगितले. दोघांनींहि न मोजतां निदान केलें, आणि पहिल्यास मीं विनातक्रार पैसे मोजले. अज्ञ गिऱ्हाईक अंदाजानें भाग बदलणाऱ्यास पोसतें आणि तासभर खपून एक गंजका बोल्ट शोधणाऱ्यास ‘नुसता बोल्ट तर आवळला’ म्हणून चार पैसे देतांना कुरकुरतें. खऱ्या कारागिराची उपासमार आपल्या अज्ञानानें होते. जो स्वतः एकदां मोजून पाहील, त्यालाच दुसऱ्याच्या मोजण्याची किंमत कळेल.

म्हणून वाचकांस विनंति एवढीच कीं, एखाद्या रविवारीं, गाडी धडधाकट असतांनाच, घरांतील सर्वांनीं मिळून बॅटरी मोजावी आणि आंकडा वहींत लिहून ठेवावा. निरोगी देहाची नाडी ठाऊक असल्याखेरीज रोग ओळखतां येत नाहीं. आमच्या घरीं त्या दिवशीं किल्ली मुलीकडे व मल्टीमीटर माझ्याकडे होतें. पुढच्या खेपेस किल्ली मी फिरवीन.