थोराड हामूर परत सोडावा
अ‍ॅल्युमिनियम-फॉस्फेटच्या कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या मराठी माणसाने सुटीच्या दिवशी सौदी अरेबियाच्या आखाती किनाऱ्यावरील रास अल खैरच्या दर्याकिनारी गळ टाकून बसावे, यात गैर काहीच नाही. परंतु आपण ज्याच्या जातीला हेकरू म्हणतो तो हामूर मासा आरंभी मादी असून थोराड झाल्यावरच पुष्कळदा नर होतो, आणि म्हणूनच सर्वांत मोठा मासा उचलणे म्हणजे त्या वंशातील नरच वेचून नाहीसे करणे होय, हे त्याने ध्यानी धरावे. माशांच्या प्रजननाला वाव मिळावा म्हणून महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला मनाई असते. गळकऱ्याने मात्र सरकारी हुकुमाची वाट पाहू नये. डोंगरी झऱ्यांत कृत्रिम माशीने ट्राउट धरणारे कित्येक रसिक ओल्या हातांनी तो पुन्हा प्रवाहात सोडतात. तसाच हा ठिपकेदार हामूर, निदान वसंतातील प्रजननकाळी, आखातात परत जाऊ द्यावा.