काशाची कुऱ्हाड

तालुक्याच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता. पुण्याहून एक व्यासंगी वक्ते आले होते. शाल-नारळ झाल्यावर त्यांनी तासभर आजच्या पिढीचे वाभाडे काढले. वाचन का मेले? तर संगणकावरच्या खेळांनी मारले. हे खेळ म्हणजे आळशांची अफू. जादूगार, राक्षस आणि तलवारी यांच्या पोरकट जगात मुले पळून जातात, कष्टांचा त्यांना कंटाळा येतो, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीची माणसाला किंमत नसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभागृहाने टाळ्या दिल्या. मी ‘स्थानिक कादंबरीकार’ म्हणून व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसलो होतो. मीही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मला जेवण गेले नाही. जो खेळ मी स्वतः अधूनमधून का होईना, पण जवळजवळ वीस वर्षे खेळत आलो, त्याची निंदा ऐकून मी मान डोलावली होती. तेव्हा हा लेख वक्त्यांना उत्तर म्हणून लिहितो आहे, आणि त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त म्हणूनही.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की मी दहावीच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. शाळेत चित्रकला शिकवतो. समाजशास्त्र वगैरे मला येत नाही. जे पाहिले ते सांगतो.

२००६ साल असेल. नववीतला एक मुलगा माझ्या तासाला सारखा गैरहजर राहू लागला. त्याचे नाव सांगत नाही; त्याला आता स्वतःची मुले आहेत. शोध घेता घेता तो एस. टी. स्टँडच्या मागच्या सायबर कॅफेत सापडला. तासाला वीस रुपये दर होता. मी त्याचा कान धरला, तसाच त्याला घरी नेला आणि वडिलांच्या स्वाधीन केला. वडील मार्केट यार्डात हमाल. त्यांनी माझ्यादेखत कमरेचा पट्टा काढला. मी कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी परतलो, आणि रात्री ते समाधान टिकले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावून विचारले, “अरे, एवढं काय करतोस तिथं?”

तो खाली बघून म्हणाला, “सर, अंडं आणायचं होतं.”

“कुणासाठी?”

“आचाऱ्याला. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय.”

मला वाटले, पट्ट्याने पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. संध्याकाळी मी त्याला घेऊन त्याच कॅफेत गेलो, वीस रुपये माझ्या खिशातले भरले आणि म्हणालो, दाखव.

त्या खेळाचे नाव रूनस्केप. इंग्लंडमधल्या अँड्र्यू आणि पॉल गावर या भावांनी तो ४ जानेवारी २००१ रोजी लोकांपुढे ठेवला. त्या वेळी तो ब्राउझरमध्येच चाले. काही विकत आणायचे नाही, काही बसवायचे नाही, नाव नोंदवायचे आणि आत जायचे. म्हणून तर एस. टी. स्टँडमागच्या रडतखडत चालणाऱ्या यंत्रावरही तो चालत होता. आत गेल्यावर प्रत्येकाच्या हातात तीच काशाची कुऱ्हाड. केंब्रिजच्या प्राध्यापकाचा मुलगा असो की आमच्या हमालाचा, कुऱ्हाड काशाचीच.

आणि मग काय? राक्षस? राजकन्या? छे! लम्ब्रिज नावाच्या गढीच्या मुदपाकखान्यात एक आचारी रडत उभा असतो. त्याला अंडे, दूध आणि पीठ हवे असते. दुधासाठी बादली शोधायची, गोठ्याकडे जायचे, गाय पिळायची. पिठासाठी शेतात जाऊन गहू काढायचा, तो पवनचक्कीच्या माडीवर न्यायचा, वरच्या तोंडात टाकायचा, दांडा ओढायचा, जिना उतरून खाली यायचे आणि खाली पडलेले पीठ मडक्यात भरायचे. मडके नसेल तर पीठ मिळत नाही. हे सगळे तो पोरगा एकही पायरी न चुकता करीत होता. आणि तो तोच पोरगा होता, ज्याच्या वहीत मी ‘कामात सातत्य नाही’ असा शेरा मारला होता.

तांबे आणि कथील खणून काढायचे, भट्टीत घालायचे, कासे तयार होते. (खऱ्या काशात कथील दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, खेळात तांब्याच्या एका खड्याला कथलाचा एक खडा लागतो. पण आमच्या वर्गातल्या किती मुलांना कासे कशाचे होते हे पाठ्यपुस्तकातून कळले होते? त्याला कळले होते.) मासे धरायचे, भाजायचे, पहिले पुष्कळसे करपतात. झाडे तोडायची. साध्या झाडाच्या एका ओंडक्याला २५ गुण मिळतात, आणि त्या कसबाची अखेरची, म्हणजे ९९ वी पायरी गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात. साधीच झाडे तोडीत बसले तर पाच लाखांहून अधिक ओंडके होतात. मोठी झाडे लवकर हात देतात, तरीही गंमत अशी की ९२ व्या पायरीवर पोचलेला माणूस जेमतेम निम्म्या वाटेवर असतो. तिथे त्याचे गुण भरतात ६५,१७,२५३.

व्यासंगी महाशय म्हणाले की हे खेळणाऱ्यांना कष्टांचा कंटाळा येतो. महाशय, आपण हा खेळ पाहिला आहे काय? माझा आक्षेप असता तर उलट असता. मी म्हणालो असतो की पोरे करमणुकीच्या नावाखाली हमाली करीत आहेत. त्यात रात्री जातात, डोळे जातात, परीक्षाही जातात. मी शिक्षक आहे, हे माझ्याइतके कुणी पाहिलेले नाही. पण ‘आळशी’ हा शब्द या जागी बसत नाही. त्या मुलाला घरी, शाळेत, यार्डात कुठेही असा अनुभव नव्हता की इतके केले तर इतके मिळते आणि मधे कुणी दलाल हात मारीत नाही. वडिलांची हमाली किती पोत्यांची झाली आणि हातात किती आले, हा हिशेब त्याने लहानपणापासून पाहिला होता. लम्ब्रिजच्या गढीमागचे झाड मात्र दर वेळी पूर्ण मजुरी देत होते. त्याला तुम्ही पलायन म्हणता. मला तो मुलगा न्याय चाखून पाहताना दिसला.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे वळतो. फुकट कोणासाठी? आमच्या गावात तासाला वीस रुपये होते. खुद्द खेळवाल्यांचाही खर्च आधी जाहिरातींवर निघे. त्या काळात जाहिरातींचा बाजार बसला आणि २००२ साली त्यांनी महिना पाच डॉलरची सभासदी काढली. तेव्हापासून जगाचे दोन भाग झाले. वर्गणीदारांना सगळा मुलूख मोकळा, फुकट्यांना ठरावीक फाटकापर्यंत. मला यात फारसे वावगे वाटले नाही. नाटकाला पिटातले तिकीट असते आणि पुढच्या रांगेचेही असते. पुढच्या रांगेतल्या माणसालाही नाटक तेच दिसते, ही खरी अट. वर्गणीदाराला जास्त मुलूख मिळे, पण त्याचेही ओंडके त्यालाच तोडावे लागत.

माझे भांडण सुरू होते ते जिथे ओंडकेच विकायला निघाले तिथून.

खेळातल्या सोन्याला बाहेर खऱ्या पैशांत गिऱ्हाईक मिळू लागले. चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर वर्गणी भरून सोने खणणाऱ्या टोळ्या आल्या. खेळवाल्यांनी डिसेंबर २००७ मध्ये वाइल्डरनेस नावाच्या रानातली लढाई बंद केली, आणि जानेवारी २००८ मध्ये आपसातल्या देवघेवीवर बंधने घातली. म्हणजे मित्राला एखादी चांगली तलवार भेट द्यायची सोयही राहिली नाही. चोर सापडत नाही म्हणून साऱ्या गावाला कुलूप. खेळाडूंनी खेळातल्याच शहरात मोर्चे काढले. ते कुलूप उघडायला १ फेब्रुवारी २०११ उजाडला, तेही खेळाडूंचे मत घेतल्यावर.

आणि ज्यांनी चोरांविरुद्ध एवढा डंका वाजवला, त्यांनी काय करावे? २०१२ साली त्यांनी स्वतःच एक फिरते चक्र मांडले. रोज एखादी फेरी फुकट, पुढच्या फेऱ्या पैसे देऊन. चक्र फिरेल आणि नशिबात असेल तर गुण पदरात पडतील. २०१४ साली चक्र गेले आणि त्या जागी पेट्या आल्या. किल्ली विकत घ्या, पेटी उघडा. जत्रेत पाल टाकून बसलेला चक्रीवाला आपण ओळखतो, पोलीसही ओळखतात. हा चक्रीवाला मात्र खेळाच्या मालकाच्याच ओसरीवर बसला होता. ज्या पोराने एकेक ओंडका तोडला त्याच्या शेजारी बापाचे कार्ड घेऊन दुसरा पोरगा आला आणि तासाभरात त्याच पायरीवर उभा राहिला. व्यासंगी वक्त्यांनी यावर तासभर बोलावे. मी मनापासून टाळ्या वाजवीन.

खेळाडूंनी हे मुकाट्याने सोसले नाही, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. जुनाच खेळ परत द्या, असा त्यांनी धोशा लावला. २००७ सालची एक जपून ठेवलेली प्रत सापडली, आणि खेळाडूंच्या मतांवर २२ फेब्रुवारी २०१३ रोजी जुना खेळ पुन्हा सुरू झाला. त्यात नवी भर घालायची तर सुरुवातीला ७५ टक्के मते लागत. आमच्या गावात गटार कुठून न्यायचे हेही कुणी आम्हांला विचारत नाही. दुसऱ्या, पेट्यांच्या खेळातही २०२५ च्या नोव्हेंबरात कंपनीने विचारले की एक लाख मते पडली तर पेट्या काढू. ती मते दिवसाच्या आत पडली.

पण मला अस्वस्थ करणारी हकीकत निराळीच आहे. व्हेनेझुएलात चलनाचा पार कागद झाला, पगारात महिन्याची भाकरी निघेना, तेव्हा तिथली माणसे या जुन्या खेळात शिरली. वाइल्डरनेसमधले हिरवे ड्रॅगन मारायचे, त्यांची हाडे आणि कातडी विकायची, जमलेले सोने डॉलरला विकायचे. त्यावर घरात तांदूळ यायचा. २०१७ साली एका खेळाडूने या माणसांना हेरून कसे मारावे याचे मार्गदर्शनच लिहून काढले, आणि पुष्कळांना ते गमतीचे वाटले. त्यांचे म्हणणे, हे लोक नियम मोडतात, खेळाचा बाजार बिघडवतात. नियम मोडत होते हे खरे. पण ते सोने विकत कोण घेत होते? ज्यांना पाच लाख ओंडके तोडायचे नव्हते ते. विकणारा चोर आणि घेणारा हौशी, हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. चोरट्या दारूच्या धाडीत पिंप वाहणारा धरला जातो.

मी स्वतः एकदा वाइल्डरनेसच्या कडेला उभा होतो. समोर एक जण ड्रॅगन मारीत होता. मी स्पॅनिश समजत नाही. त्याने दोन-तीन शब्द लिहिले आणि पळत सुटला; मी त्याला मारायला आलो असे त्याला वाटले असणार. तो कुठला होता हे मला माहीत नाही. त्याची हाडे तिथेच पडून होती. ती मी उचलली नाहीत, एवढेच.

आता तो खेळ ब्राउझरमध्ये पूर्वीसारखा चालत नाही. उतरवून घ्यावा लागतो, २०१८ पासून जुना खेळ मोबाईलवरही आला. कंपनी २०२१ साली कार्लाइलच्या हाती गेली, २०२४ साली सीव्हीसीच्या. मालक बदलले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण नव्या मालकाला आधी ओसरीच दिसते. एस. टी. स्टँडमागचा कॅफे बंद पडून तिथे मोबाईल दुरुस्तीचे दुकान झाले.

तो मुलगा चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पट्ट्याच्या त्या संध्याकाळबद्दल मी त्याच्याजवळ एकदा माफी मागायला गेलो, तर म्हणाला, “जाऊ द्या हो सर.” दिवाळीला गावी आला की घरी येतो, फराळाला हात लावण्याआधी माझा मोबाईल मागून घेतो आणि विचारतो, “सर, मासेमारी कितीवर आली?”

“चौऱ्याहत्तर,” मी सांगतो.

“अजून?” तो म्हणतो, आणि माझ्या नावाने बसून तासभर मासे धरीत राहतो.