काळीज नेमकं कुठे असतं?

शीर्षक वाचून ही प्रेमकविता असेल असं वाटलं असेल तर खुशाल पान उलटा! माझा प्रश्न अगदी साधा आहे. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की मिळतं यकृत, म्हणजे लिव्हर. आणि रिझल्टच्या दिवशी 'काळजाचा ठोका चुकतो' तेव्हा हात जातो छातीवर, म्हणजे हृदयाकडे. शब्द एक, अवयव दोन. गप्पांत हे चालून जातं. पण समोरचा माणूस खरोखर जखमी असेल तर?

'नस' हा शब्द घ्या. 'नस दबली' म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो. 'नस कापली' म्हणजे रक्तवाहिनी. आणि 'नसेवर नस चढली' म्हणजे बहुतेक वेळा पोटरीच्या स्नायूत आलेला गोळा! होस्टेलमध्ये तर आणखी मजा. आमच्या रायगडकडे ढोपर म्हणजे गुडघा, आणि काही मुलींकडे ढोपर म्हणजे चक्क कोपर. 'ढोपर फुटलं' ऐकून बँडेज कुठे बांधायचं सांगा!

माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांची वेगळीच तऱ्हा. फीमर, टिबिया, स्टर्नम आम्हाला पाठ. पण आजी 'खुब्यात कळ येते' किंवा 'नडगीवर आपटलं' म्हणाली की आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहतो. आणि 'कंबर दुखते'चं भाषांतर 'वेस्ट पेन' करून मोकळे होतो. कंबर म्हणताना आजीचा हात मात्र पाठीच्या खालच्या भागावर, मणक्यांवर असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शरीराची नावं, बाजू आणि रचना ही फक्त मेडिकलवाल्यांची मालमत्ता नाही. इंजिनिअरला ती यायला हवीत, आणि तीही मराठीत. का, ते सांगते.

नावांचा गोंधळ शास्त्रज्ञांनाही चुकला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शरीरातल्या साधारण पाच हजार भागांना मिळून पन्नास हजारांच्या आसपास नावं झाली होती. शेवटी १८९५ साली बासेल इथे जमून शरीररचनातज्ज्ञांनी एक प्रमाण यादी ठरवली. १९९८ मध्ये तिची सुधारित आंतरराष्ट्रीय आवृत्ती आली. आपण नटबोल्टला स्टँडर्ड लावतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट बाजूची. ड्रॉइंगमध्ये फर्स्ट अँगल की थर्ड अँगल हे लिहिलं नाही तर सर शीट परत करतात. शरीरालाही असाच नियम आहे. माणूस ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढे, हे मूळ पोझिशन धरायचं. आणि डावं-उजवं बघणाऱ्याचं नाही, त्या शरीराचं. हा नियम पेणच्या माणसाला शिकवावा लागत नाही! पेण शहरात, हमरापूर-जोहे गावांत गणपतीचे कारखाने आहेत. तिथे उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे सोंड मूर्तीच्या उजवीकडे वळलेली, गिऱ्हाइकाच्या नव्हे. अष्टविनायकांत सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचा, तोही याच हिशोबाने. समोर उभं राहिल्यावर सोंड आपल्या डाव्या हाताला दिसते, तरी ती उजवीच. सीटी स्कॅनच्या आडव्या छेदातही पेशंटची उजवी बाजू फिल्मच्या डावीकडे येते. पेणच्या कारागिराला जे सहज कळतं, ते १०८ ला फोन करताना आपल्याला कळलं पाहिजे.

तिसरी गोष्ट रचनेची. पेशी मिळून ऊती, ऊती मिळून अवयव, अवयव मिळून संस्था: श्वसनसंस्था, पचनसंस्था, रक्ताभिसरण संस्था, चेतासंस्था. पार्ट, सब-असेंब्ली, मशीन, प्लँट, असं समजा. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर. शरीरात रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे फुप्फुसातून रक्तात शिरलेली वस्तू मिनिटाभरात अंगभर पोचू शकते.

आता पेणहून रोह्याला चला, धाटाव एमआयडीसीत. आपल्यातले कितीतरी जण इनप्लांट ट्रेनिंगला अशाच केमिकल कारखान्यांत जातात, पुढे नोकरीलाही जातील. अशाच एका प्लँटमध्ये (नाव नको) मी ड्रमशेजारी लावलेला तक्ता पाहिला. 'टार्गेट ऑर्गन्स' म्हणून लिव्हर, किडनी, सेंट्रल नर्व्हस सिस्टिम, सगळं इंग्रजीत आणि बारीक टायपात. ड्रम उचलणारा माणूस मात्र जवळच्या गावातला, नाहीतर उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला. तक्ता नेमका कोणासाठी होता?

बेंझिनचं उदाहरण घ्या. ते श्वासावाटे फुप्फुसात जातं, तिथून रक्तात, आणि बराच काळ संपर्क राहिला तर अस्थिमज्जेला इजा करतं. अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात. 'बोन मॅरो' असं नुसतं लिहून हे पोचत नाही. 'हाडातल्या मगजात रक्त बनतं, हा वास तिथपर्यंत जातो' असं सांगितलं, तर मास्क का लावायचा आणि रक्ततपासणी का चुकवायची नाही, हे माणसाला लगेच पटतं.

आणि मराठी लिहून काम संपत नाही. आपली 'पेशी' म्हणजे सेल; हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आणि सेलला ते कोशिका म्हणतात. हिंदी भाषकासाठी हिंदी तक्ताच लागेल.

ही मागणी काही नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम १०८ मध्ये म्हटलं होतं, की कायद्याप्रमाणे लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असाव्यात. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, धोक्याची माहिती कामगारांना देण्याची जबाबदारीही त्यात आली. भाषेचा विचार कायद्याने कधीच केला होता. कमी पडतो तो तक्ते बनवणारा, म्हणजे उद्याचे आपण.

कोणी म्हणेल, डॉक्टरांना इंग्रजी येतं, मग अडतंय कुठे? अहो, डॉक्टर सगळ्यात शेवटी येतात. आधी असतो शेजारी काम करणारा. काय झालं, कुठे झालं, कोणत्या बाजूला झालं, हे तोच सांगणार.

दुसरा आक्षेप असा, की शास्त्रीय मराठी कोणाला कळतं? काही अंशी खरं आहे. 'अधिवृक्क ग्रंथी' म्हटलं तर मलाही घाम फुटतो! पण मी शुद्धीकरण मोहीम काढायला सांगत नाहीये. किडनी, लिव्हर सगळे म्हणतात, ते तसेच राहू देत. मात्र अन्ननलिका, श्वासनलिका, रक्तवाहिनी, मूत्राशय हे शब्द बघा. अवयव काय काम करतो ते नावातच आहे. 'इसोफॅगस'मध्ये ते आपल्याला ऐकू येत नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, वाईहून मराठी विश्वकोश निघाला. शब्द तयार आहेत, ते कपाटातून भिंतीवर यायचे आहेत.

म्हणून मॅगझिन कमिटीला, रेक्टर मॅडमना आणि वर्कशॉपच्या सरांना एक सुचवावंसं वाटतं. प्रथमोपचार पेटीशेजारी माणसाच्या आकृतीचा एक मोठा तक्ता लावूया, पुढून आणि मागून. डावं-उजवं ठळक लिहिलेलं. प्रत्येक भागापुढे तीन नावं: घरातलं, पुस्तकातलं आणि इंग्रजी. चित्र काढायला आमची ड्रॉइंग शीट आहेच. घरातले शब्द प्रत्येकीने सुट्टीत आपल्या आजीला विचारून आणायचे. आणि ट्रेनिंगला जाणाऱ्या प्रत्येक बॅचने तिथला एक तरी सेफ्टी तक्ता कामगारांच्या भाषेत करून द्यायचा, प्लँटच्या सेफ्टी ऑफिसरकडून तपासून.

खर्च म्हणाल तर दोन शीट आणि थोडी शाई. 'ढोपर'समोर काय लिहायचं यावर मात्र होस्टेलमध्ये भांडण होणार... होऊ दे! ते अपघाताच्या आधी झालेलं बरं.